जंगलजेटी: बिल्डरच्या भाड्यात कोकण

आमची कोथरूडची इमारत पुनर्विकासाला गेली आणि नवी उभी राहीपर्यंत बिल्डर दरमहा बावीस हजार रुपये भाडं देणार असं ठरलं. शेजारीपाजारी त्यात पदरचे पाच-सात हजार घालून जवळपासच राहायला गेले. मी एकटी. मुलांची शाळा नाही, ऑफिस नाही. काम मुद्रितशोधनाचं, प्रकाशक पीडीएफ पाठवतात, मी खुणा करून परत पाठवते. मग ते बावीस हजार कोथरूडच्याच दुसऱ्या घरमालकाच्या हातात कशाला नेऊन ठेवायचे? सामान थोरल्या बहिणीच्या रिकाम्या खोलीत रचलं, स्कूटरला मागे लोखंडी कॅरिअर ठोकून घेतला आणि दिवाळी झाल्यावर ताम्हिणीने खाली उतरले. तेव्हापासून मुरूड-जंजिऱ्यापासून मालगुंडपर्यंतच्या किनाऱ्यावर, एकेका गावात आठवडा-पंधरवडा काढत राहते आहे.

ज्यांना माझं हे करणं पटलेलं नाही ते विचारतात, "महिन्याला किती जातात गं?" ज्यांना पटलंय तेही पहिल्यांदा हेच विचारतात. आकडे खाली देतेच. पण ते आकडे जमतात ते एका सेवेच्या जोरावर, आणि हे परीक्षण तिचं आहे: खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं आणि गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी. रस्ता विचारताना मात्र फेरीबोट म्हणू नका. जंगलजेटी कुठे, असं विचारा. लहान पोरही हात करून दाखवेल.

ज्यांनी कोकण फक्त मुंबई-गोवा महामार्गावरून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडा भूगोल. इथला किनारा सलग नाही. सह्याद्रीतून आलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते, आणि समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसत असलं तरी गाडीने तिथं जायला आधी पार आत महामार्गाच्या दिशेने जायचं, पूल गाठायचा आणि पुन्हा तेवढंच खाली उतरायचं. जंगलजेटी हा फेरा वाचवते. उत्तरेकडून येताना पहिली आगरदांडा ते दिघी, राजपुरीच्या खाडीवर. मग बागमांडला ते वेसवी, सावित्रीवर. इथं रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागतो. तिसरी दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीवर. चौथी तवसाळ ते जयगड, शास्त्रीवर. चारही ठिकाणी सेवा सुवर्णदुर्ग शिपिंगची. सुरुवात 2003 साली दाभोळ-धोपाव्यापासून झाली, बाकीच्या मागून आल्या.

पद्धत सोपी आहे. जेटीच्या तोंडाशी तिकिटाची खिडकी, शेजारी दराचा फलक. माणसाचं वेगळं, गाडीचं वेगळं. स्कूटर आणि मी मिळून शंभराच्या आसपास जातात. नुसत्या माणसाचं तिकीट दोन चहांच्या पैशात येतं. हे दर अधूनमधून बदलतात, म्हणून रुपया-पैशाचा आकडा देत नाही, फलक वाचा. सुटे पैसे खिशात ठेवा. बोटी साधारण सकाळी साडेसहा-सातला सुरू होतात आणि रात्री नऊ-दहाला थांबतात. पाऊण तास-तासाच्या अंतराने एक. पाण्यावरचा वेळ दहा-पंधरा मिनिटं, आगरदांडा-दिघीला थोडा जास्त.

आता नेहमीचा युक्तिवाद तपासून बघू: जेटीने पेट्रोल वाचतं. दाभोळचं उदाहरण घेते. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण करत सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातं. जेटीने उतरलात की धोपाव्याहून गुहागर वीसेक किलोमीटरच्या आत. माझी स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते, घाट असला की चाळीस. म्हणजे रस्त्याने तीन लिटर, तीनशे-सव्वातीनशे रुपये. जेटीने तिकिटाचे शंभर आणि पेट्रोलचे पन्नास. वाचले दीडशे-पावणेदोनशे. गुहागरला उतरून सुरमईची थाळी मागवलीत तर त्यात अर्धी थाळी येईल. चारचाकीवाल्याचे यापेक्षा बरेच जास्त वाचतात हे खरं, पण माझ्यासारखीच्या महिन्याच्या खर्चात हे दीडशे रुपये काही मोठे नाहीत. काही तास वाचतात हे खरं. पण मला त्या तासांचं करायचंय काय? मी कुठेच वेळेवर पोचायची नसते.

माझा फायदा वेगळा आहे आणि तो कळायला मला हर्णै-दापोलीच्या पट्ट्यात काही दिवस राहावं लागलं. कोकणात पैसे प्रवासाला लागत नाहीत, मुक्कामाला लागतात. त्यातही एका रात्रीच्या मुक्कामाला. समुद्रासमोरची साधी खोली, एक पलंग, एक टेबलफॅन, बाथरूममध्ये निळी बादली: शनिवारी अडीच हजार, आडवारी बाराशे-पंधराशे. तीच माणसं गावाच्या आतल्या आळीत, समुद्रापासून दहा मिनिटं चालत, मागच्या पडवीची खोली आठवड्याला तीन हजारांत देतात, जर तुम्ही खरंच आठवडाभर राहणार असाल आणि मंगळवारी दुपारी शांतपणे विचारायला गेलात तर. शुक्रवारी संध्याकाळी बॅगा घेऊन दारात उभं राहणाऱ्याला हा भाव मिळत नाही. आणि जेटीच्या दोन काठांपैकी एक काठ नेहमी कमी मिरवणारा असतो. दाभोळ-दापोलीला माणसं येतात. धोपाव्याला कुणी राहायला जात नाही, तिथून गाडी काढून गुहागरला पळतात. हरिहरेश्वरला गर्दी, समोर वेसवीला फक्त बोटीची वाट बघणारे. गणपतीपुळ्याला यात्रा; तवसाळला रात्री आठनंतर कुत्रीसुद्धा आवाज करत नाहीत.

मी त्या कमी मिरवणाऱ्या काठावर राहते. सकाळी काम करते, दुपारी जेटीवर जाते आणि लागलं तर स्कूटर या काठावरच ठेवून नुसत्या माणसाच्या तिकिटावर पलीकडे जाते. पलीकडे बाजार, डॉक्टर, झेरॉक्स, एसटी. संध्याकाळी परत. जेटी नसती तर धोपाव्याच्या बाजूला राहणं म्हणजे प्रत्येक कामाला गुहागर गाठणं झालं असतं. मी जेटीने फिरते असं म्हणण्यापेक्षा जेटीच्या भरवशावर राहते असं म्हटलेलं बरं.

दाभोळचीच जेटी मला सगळ्यांत आवडते, आणि त्याला कारण दोन्ही काठ. दाभोळ हे एकेकाळचं मोठं बंदर, बहमनी आणि आदिलशाही काळातलं. जेटीजवळच आदिलशाहीतली मशीद आहे, काळ्या दगडाची, मोठा घुमट आणि चार मिनार. तिला अंडा मशीद म्हणतात. बोट सुटायला वेळ असेल तर तिच्या ओट्याकडे एक चक्कर होते. वर डोंगराच्या अंगाला चंडिका देवीचं गुहेतलं देऊळ. आत वीज नाही, समयांच्या उजेडात वाकून जायचं, डोळे सरावायला वेळ लागतो. खाडीपलीकडे बघावं तर अंजनवेलच्या अंगाला वीजप्रकल्पाच्या चिमण्या. एन्रॉन म्हणून ज्याच्या नावाने महाराष्ट्राने नव्वदच्या दशकात आरडाओरडा ऐकला, तोच हा. मी तेव्हा एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायचे, दर आठवड्याला "दाभोळ प्रकल्प, दाभोळ प्रकल्प" वाचून माझी समजूत अशी की तो दाभोळात असणार. तो खाडीच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे, गुहागर तालुक्यात. इतकी वर्षं कुणी मला सांगितलं नाही.

बोटीवर चढताना खलाशी हाताने दाखवतो तसं जायचं. "ताई, फुडं घ्या. अजून फुडं. अजून हाय जागा." जागा दिसत नाही, पण तो म्हणतो म्हणजे असते, एका टेंपोच्या आणि एका जीपच्या मधल्या फटीत माझी स्कूटर बसते. भरती असेल तर उतार सपाट असतो. ओहोटीला काँक्रीटचा उतार खोल जातो आणि खालचा टप्पा शेवाळलेला असतो, तिथं पुढचा ब्रेक दाबायचा नाही, पाय दोन्हीकडे टेकवत मागच्या ब्रेकवर सावकाश उतरायचं. बोट हलते तेव्हा स्कूटर पुढे सरकू नये म्हणून मी मागच्या ब्रेकच्या मुठीला सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर गुंडाळते. हे मला धोपाव्याच्या एका दूधवाल्याने शिकवलं. त्याच्या गाडीला चार कॅन असतात, त्याला हलून चालत नाही.

आणि वर मोकळं उभं राहायचं. सोबत कोण असतं ते बघण्यासारखं असतं. मासळीच्या रिकाम्या टोपल्या पायाशी ठेवून बसलेल्या बायका, वरातीचे सजवलेले दोन टेंपो, तालुक्याला दाखले काढायला निघालेले आजोबा, नवा फ्रिज आडवा धरून उभे असलेले दोघं भाऊ ("उभा ठेवा, गॅस बसेल!" असं सगळी बोट सांगत होती), आणि पुण्या-मुंबईचे गाडीची काच वर करून एसीत बसलेले लोक. दहा मिनिटांसाठीसुद्धा खाली उतरत नाहीत. त्यांचं तिकीट फुकट गेलं असं मला वाटतं.

बागमांडला-वेसवीचं पाणी मात्र नुसतं बघत बसावं असं. एका बाजूला हरिहरेश्वरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला बाणकोटचा किल्ला, जो इंग्रजांनी अठराव्या शतकात घेऊन फोर्ट व्हिक्टोरिया केला, आणि मधे खाडीच्या पाण्यात अर्धवट उभे असलेले पुलाचे खांब. वेसवीहून बाणकोट, वेळास, केळशी, आडे, आंजर्ले असा रस्ता जातो. तो घाईत करू नये. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा गावातल्या घरांत राहायला मिळतं. पण त्या काळात आठवड्याचा भाव विचारूसुद्धा नका, मिळणार नाही, आणि मिळू नये. वर्षातून दोन-तीन महिने त्या गावाला चार पैसे मिळतात, ते त्यांनी पूर्ण घ्यावेत.

आगरदांडा-दिघीबद्दल थोडक्यात: पाणी रुंद, दोन्हीकडे बंदरांचे धक्के, मोठी जहाजं, काम चाललेलं. सुंदर म्हणवत नाही. पण दिघीला उतरून दिवेआगर आणि तिथून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता पाण्याला इतका चिकटून जातो की त्या एका रस्त्यासाठी ही जेटी माफ. मुंबईच्या वाचकांना दुसरी सोय आहे: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी रो-रो बोट 2020 पासून आहे. स्कूटर त्यावर चढवून तासाभरात अलिबागच्या अंगणात उतरता येतं. वातानुकूलित केबिन, खाण्याचा स्टॉल, सगळं. तिकीट खाडीच्या जेट्यांच्या कितीतरी पट. सुरुवातीला एकदा घ्यायला हरकत नाही.

तवसाळ-जयगड शेवटची. हेदवीहून येताना वळणावळणाचा उतार आहे आणि खाली एकदम जेटी. हेदवीला दशभुजा गणपती करून सगळे निघतात. किनाऱ्याच्या खडकातली बामणघळ भरतीच्या वेळेला बघा, पाणी कपारीतून उंच उडतं. भरतीची वेळ जेटीवर कुणीही सांगतो, तिथल्या माणसांना ती तोंडपाठ असते. जयगडला उतरल्यावर एकीकडे वीजप्रकल्प आणि बंदर, दुसरीकडे किल्ला आणि दीपगृह असं काहीसं विचित्र जोडपं. तिथून मालगुंड जवळ. केशवसुतांचं जन्मगाव. माझ्या धंद्यातल्या माणसाने तिथं जाऊन यावंच; स्मारकातल्या फलकांवरचे ऱ्हस्वदीर्घ मी वाचले, काय आढळलं ते सांगत नाही.

खर्च. महिन्याचा, एका माणसाचा, गोल आकड्यांत.

खोली: बारा-साडेबारा हजार, आठवड्याच्या भावाने. हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लवचिक आकडा. किनाऱ्यावरच्या एका प्रसिद्ध गावात मी पंधरवड्याचे पैसे आगाऊ देऊन राहिले होते, तर पहिल्याच शुक्रवारी दुपारी मालक आले. "ताई, शनिवार-रविवारचं बुकिंग आलंय, मोठी पार्टी हाय. दोन दिवस कुठं तरी अॅडजस्ट कराल का?" पैसे आगाऊ घेतलेले, आणि मी खोलीत पातेलं चढवलेलं. गावाचं नाव सांगत नाही. पण तेव्हापासून आगाऊ पैसे आठवड्याचेच देते, आणि शनिवार-रविवार कुठल्याही नावाजलेल्या गावात काढत नाही. शुक्रवारी जेवण झालं की त्या काठावरून या काठावर.

जेवण: सहा हजारांच्या आत, कारण दिवसातून एकच वेळ बाहेर. सकाळी घरमालकिणीकडचे घावणे किंवा आंबोळ्या, वेगळे पैसे देऊन. दुपारी खानावळ: शाकाहारी ताट सव्वाशे-दीडशे, बांगड्याचं दोनशेच्या आसपास, सुरमई-पापलेटला साडेतीनशेच्या वर आणि पापलेटाच्या आकाराकडे बघून पुढे. मी बहुतेक दिवस शाकाहारी घेते, अधूनमधून बांगडा. हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो, तिथं लिलावात आपलं काही चालत नाही, पण बाजूला बसलेल्या बायकांकडून थोडी कोळंबी किंवा लहान मासळी घेता येते. घरमालकीण म्हणते, "तुमी आणा, मी करून देते", आणि करण्याचे वेगळे घेते. घ्यावेतच. रात्री मी एका छोट्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये खिचडी किंवा कुळथाची पिठी आणि भात लावते. या कुकरवर काही घरमालकांचा आक्षेप असतो, वीजबिलामुळे. दिवसाचे वीस रुपये जास्त देते असं आधीच म्हटलं की आक्षेप मिटतो.

पेट्रोल: हजार-बाराशे. महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटरच्या वर मी जात नाही. पंप किनाऱ्यावरच्या रस्त्याला तुरळक आहेत. श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावात टाकी भरून घ्यायची आणि मग खाली उतरायचं.

जेटी: चारशे, फार तर पाचशे. स्कूटरसह एखाद-दोन खेपा आणि बाकी नुसत्या माणसाच्या.

मोबाइल: दोन कंपन्यांची दोन सिमं, कारण एकीचं टॉवर ज्या आळीत येतं तिथं दुसरीचं येत नाही आणि उलट. प्रकाशकाला हे कारण एकदा चालतं, दुसऱ्यांदा नाही. दोन्ही रिचार्ज मिळून सहाशेच्या आसपास. खोली बघायला गेले की मी पाणी, संडास याच्या आधी पलंगाच्या मधोमध उभी राहून फोनवर व्हिडिओ लावून बघते. मालक चमत्कारिक नजरेने बघतात.

धुणं, औषधं, वर्तमानपत्र, देवळातली पेटी, आजारी पडलेल्या चार्जरच्या जागी नवा चार्जर: हजार-दीड हजार.

सगळं मिळून एकवीसच्या आत-बाहेर. बिल्डरने भाडं वेळेवर दिलं तर जमतं. एखाद महिना त्याने पंधरा दिवस ओढला की मी मुक्काम हलवत नाही, ज्या गावात आहे तिथंच राहते. घरमालकीण ओळखीची झालेली असते, चार दिवस थांबते. नव्या गावात पहिल्या दिवशी उधारी नसते.

जेटीच्या मर्यादा सांगायला हव्यात. पहिली, रात्र. शेवटची बोट गेली की तो काठ बेट होतो. माझ्यासारख्या हौसेने राहणाऱ्या बाईला ते शांत वगैरे वाटतं, पण रात्री दोनला छातीत दुखायला लागलेल्या माणसाला शांतता नको असते, पूल हवा असतो. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग हा मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासूनचा विषय. आता खाड्यांवरच्या पुलांची कामं कुठे मंजूर, कुठे चालू आहेत. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांकडून मी ऐकते की पूल झाले की कोकणाची मजा जाईल. जाईल थोडी. पण तवसाळच्या एका आजींच्या तोंडून त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची रात्र ऐकल्यापासून मी या चर्चेत तोंड उघडत नाही. पूल व्हावेत, आणि लवकर व्हावेत. झाले की माझा कमी मिरवणारा काठही मिरवायला लागेल आणि आठवड्याचे तीन हजारांचे पाच होतील, ते माझं मी बघेन.

दुसरी मर्यादा, सुट्ट्या. शनिवारी सकाळी आणि रविवारी दुपारी गाड्यांची रांग जेटीपासून वर गावातल्या पहिल्या वळणापर्यंत जाते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना तर विचारू नका. दुचाकी असेल तर रांगेत कुठे ना कुठे मधे घुसवून घेतात, चारचाकीवाल्यांनी दोन-तीन बोटी सोडायची तयारी ठेवावी. ज्यांना चार दिवसांत चारही जेट्या "करायच्या" असतात त्यांचे दोन दिवस या रांगांत जातात आणि मग ते घरी जाऊन सेवेला नावं ठेवतात. मंगळवारी अकरा वाजता या. बोटीवर तुम्ही, एक एसटीचा सुट्टीवरचा कंडक्टर आणि दूधवाला.

तिसरी, पाऊस. खाडीतल्या या बोटी पावसाळ्यातही चालतात, पण वादळाचा इशारा असला किंवा वारा वाढला की बंद ठेवतात, आणि ठेवायलाच हव्यात. जून ते सप्टेंबर जेटीवर निघण्याआधी फोन करून विचारायचं; फलकावर नंबर असतो, आधी टिपून ठेवा. भाव मात्र पावसाळ्यात उतरतात. आठवड्याची खोली अडीच हजारांवर येते, गाव रिकामं, मासेमारी बंद म्हणून ताटात सुकट आणि सोडे. वीज जाते. लॅपटॉपची बॅटरी चांगली नसेल तर माझ्यासारखं काम करणाऱ्यांनी पावसात इकडे येऊ नये.

आणि कुणासाठी नाही हेही सांगते. दोन दिवसांत पुळ्याचं दर्शन घेऊन परतायचं असेल तर महामार्गाने या, निवळीला वळा, जेटीच्या नादी लागू नका. म्हातारी माणसं सोबत असतील तर ओहोटीच्या वेळा टाळा, उतार त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. बुलेट किंवा जड गाडी असेल तर उतारावर मागे कुणाला तरी धरायला उभं करा. जयगडच्या खाली, रत्नागिरीपासून पुढे भाट्ये, पूर्णगड, जैतापूर असे पूल आहेत, त्यामुळे हे परीक्षण तिथं लागू नाही.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो रात्रीच्या शेवटच्या बोटीसाठी, आणि त्यात बोटवाल्यांचा दोष नाही. पहिल्यांदा येणाऱ्याने चारातली एकच निवडायची असेल तर दाभोळ-धोपावे, आडवारी, दुपारी चारच्या सुमाराला, काच खाली करून.